आमची वाटचाल : अंबडचा गाळा आणि जुनी कंट्रोल कार्डं

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत भाड्याचा गाळा घेतला तेव्हा माझ्याकडे 25 वॅटचं सोल्डरिंग आयर्न, एक मल्टिमीटर आणि वितळलेलं सोल्डर ओढून घेणारा, हाताने दाबायचा सोल्डर पंप एवढंच सामान होतं. काम मात्र शोधावं लागलं नाही. सातपूर-अंबडच्या छोट्या कारखान्यांत जुन्या लेथ आणि मोल्डिंग मशीन अजून चालतात. त्यांची कंट्रोल कार्डं, म्हणजे मशीन चालवणारे सर्किट बोर्ड, आता बाजारात मिळत नाहीत, त्यामुळे आहे ते कार्ड दुरुस्त करणं हाच मार्ग.

सुरुवातीच्याच एका कार्डावरचा 40 पायांचा आयसी मी बिघडवून काढला. 39 पाय सुटले होते, ग्राउंडचा एक अडला. घाईत स्क्रूड्रायव्हर खाली घालून उचकटला, तर त्या पायाबरोबर भोकातलं तांब्याचं अस्तर निघून आलं, शेजारचे दोन ट्रॅकही उखडले. दोन रात्री बारीक तार जोडत बसलो. मशीन सुरू झाली, पण पैसे मागायची माझी हिंमत झाली नाही.

तो पाय का अडला, हे मला नंतर समजलं. ग्राउंडचा पाय आतल्या तांब्याच्या मोठ्या थराला जोडलेला असतो, आणि दिलेली सगळी उष्णता तो थर ओढून घेतो. आयर्न जोरात दाबून काही होत नाही, उलट पॅड, म्हणजे पायाभोवतीची तांब्याची चकती, सुटतं. आता आम्ही कार्ड खालून साधारण 100 अंशांपर्यंत गरम करतो. मग प्रत्येक पायावर आधी फ्लक्स, म्हणजे जोड साफ करणारं रसायन, आणि ताजं सोल्डर लावतो. काढायचंय तिथे आणखी सोल्डर कशाला, असं नवीन पोरं हमखास विचारतात. जुन्या जोडावर ऑक्साइड चढलेलं असतं. ताजं 63-37 (63 टक्के कथील, 37 टक्के शिसं) सोल्डर 183 अंशांना वितळतं, जुन्यात मिसळतं आणि सगळं एकदम पातळ होऊन पंपात येतं. तीन सेकंदांत वितळलं नाही तर थांबायचं, गार होऊ द्यायचं, पुन्हा सुरू करायचं. पाय चिमट्याने हलवून बघायचा. तो भोकात मोकळा हलल्याशिवाय आयसीला हात लावायचा नाही.

आयसी मेलेला आहे हे नक्की असेल तर मी एवढाही खटाटोप करू देत नाही. कटरने सगळे पाय बुडाशी कापायचे, मग एकेक पाय गरम करून चिमट्याने काढायचा. आयसी गेला तर दुसरा मिळेल, कार्ड मिळणार नाही. काढलेल्या जागी सॉकेट बसवतो, म्हणजे पुढच्या वेळी आयर्न लागत नाही.

ईप्रॉमचं मात्र उलट असतं. त्यात मशीनचा प्रोग्राम असतो आणि त्याची दुसरी प्रत बहुतेक कुणाकडेच नसते. तिथे आयसी वाचवायचा. अतिनील प्रकाशाने प्रोग्राम पुसला जाऊ नये म्हणून काचेच्या खिडकीवरची चिकटपट्टी तशीच ठेवतो, मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधतो आणि सोल्डर वितळवता वितळवता ओढून घेणाऱ्या व्हॅक्यूम स्टेशननेच काढतो. हे स्टेशन आमच्या गाळ्यातली सगळ्यात महागडी खरेदी. त्याचा एक रुपयाही मला जास्त वाटत नाही.

सुरक्षेबाबत मी हट्टी आहे. पॉवर सप्लाय असलेल्या कार्डावर बंद केल्यानंतरही कपॅसिटरमध्ये 320 व्होल्टच्या आसपास उरलेले असू शकतात. ते रेझिस्टरमधून उतरवून, मीटरने तपासूनच काम सुरू होतं. फ्लक्सचा धूर छातीत जाऊ नये म्हणून प्रत्येक टेबलावर एक्झॉस्ट आहे. शिशाचे हात साबणाने धुतल्याशिवाय चहाचा कपही धरायचा नाही.

आज गाळ्यात आम्ही चौघं आहोत. नवीन माणसाला पहिले काही आठवडे फक्त भंगारातली कार्डं देतो.

सध्या टेबलावर सिन्नरच्या एका मोल्डिंग मशीनचं कार्ड आहे. त्याचा ईप्रॉम नीट निघाला, पण दोनदा वाचला तर दोन्ही वेळा चेकसम, म्हणजे वाचलेल्या माहितीचा पडताळणीचा आकडा, वेगळा आला. आतला चार्ज वयाने ओसरला असावा. उद्या व्होल्टेज पाचाच्या थोडं खाली आणून पुन्हा वाचणार आहे.