कुठला पेपर घ्यावा, ताई?

लग्नाच्या पंगतीत, रामबागेतल्या भिशीत, डॉक्टरकडे नंबराची वाट बघताना, कुणी ना कुणी विचारतंच : "ताई, एवढी वर्षं पेपरात होतात, खरं सांगा, कुठला घ्यावा?" मी आजवर "कुठलाही घ्या, रद्दीचा भाव सारखाच" म्हणून सुटत आले. तो विनोद आता शिळा झाला. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते.

आधी एक. 'बारपुत्यांच्या वेळची नईदुनिया', म्हणजे इंदूरचं ते जुनं हिंदी दैनिक, माझ्यापुढे काढू नका. राहुल बारपुते मोठे संपादक होते, आपल्या मराठी घरातले होते, अभिमान मलाही आहे. पण तेव्हा इंदूरमध्ये रोज सकाळी जवळपास एकाच पेपराचं राज्य होतं, हे आपण सोयीनं विसरतो. 2012 मध्ये तो जागरण समूहाकडे गेला तेव्हा हळहळलेल्यांपैकी कितीजण तोवर तो घेत होते? आता पायरीवर चार पडतात. चार बरे की एक, असं विचाराल तर मी चारच म्हणेन. म्हणजे, म्हणत होते.

मी सिटी पानावर होते. पेपर कुठला, ते राहू द्या. दिवाळीच्या आधीचा आठवडा. एका बातमीदार पोरानं कॉलनीची बातमी आणली : नगर तथा ग्राम निवेशची, म्हणजे नगररचना खात्याची मंजुरी नाही, डायव्हर्शन (शेतजमिनीचं बिगरशेती) नाही, आणि प्लॉट डायरीवर विकले जातायत. डायरीवर, म्हणजे रजिस्ट्रीशिवाय, नुसत्या डायरीतल्या नोंदीवर, इंदूरकरांना सांगायला नको. एकच प्लॉट दोघांच्या डायरीत चढल्याचे कागदही त्यानं आणले होते. बातमी पक्की होती. मी हेडिंग दिलं, चार कॉलम.

डमी, म्हणजे पानांचा आराखडा, आली. आमच्याकडे डमी जाहिरात विभागाकडून येते, उरलेल्या जागेत आम्ही बातम्या बसवतो. तिसऱ्या पानावर त्याच कॉलनीची पूर्ण पान जाहिरात, धनतेरसची. नऊच्या सुमारास मॅनेजर डेस्कजवळून जाताना म्हणाले, "ते कॉलनीचं आजच जातंय का?" बस्स, एवढंच. आवाजही चढला नव्हता. मालकांचा फोन नाही, धमकी नाही, 'छापू नका' हा शब्द नाही. मी म्हणाले, "नाही, अजून दुजोरा हवाय." दुजोरा मिळालेला होता. पोरगा समोर बसला होता, त्यानं फक्त माझ्याकडे बघितलं. मी तिथे सराफ्याच्या गर्दीच्या फोटोला चार कॉलम दिले आणि पान सोडलं.

सकाळी उठून बाकीचे तीन पेपर उघडले. ती जाहिरात चारही पेपरांत होती, ती बातमी एकातही नव्हती. आणि मला काय वाटलं सांगू? हायसं वाटलं. कुणाकडेच नाही, म्हणजे आपलं काही चुकलं नाही.

पाडव्याला शेजारचे काका पेढे घेऊन आले. निवृत्तीचे पैसे मिळाले होते, प्लॉट घेतला होता. "तुमच्याच पेपरात जाहिरात बघितली, म्हटलं मग काळजी नाही." मी पेढा खाल्ला. तेव्हाही बोलले नाही. बयाणा देऊन झालाच होता, आता सांगून काय उपयोग, असं मनाला समजावलं. पुढचे हप्ते थांबवता आले असते, हे मला कळत होतं.

नंतर मी कायद्याकडे धावले, दोष ठेवायला कुणीतरी हवं होतं. दुसऱ्या प्रेस आयोगानं 1982 मध्ये सांगून ठेवलंय की पेपर इतर धंद्यांपासून वेगळे करा. 2014 मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकानंही मोठ्या उद्योगसमूहांच्या शिरकावाला आळा आणि स्वतंत्र नियामक सुचवला. दोन्ही कागदावरच. प्रेस कौन्सिल समज देते, ताशेरे ओढते, दंड करू शकत नाही. पण मालकी वेगळी असती तरी त्या रात्री मी काय केलं असतं? जाहिरातदार तोच राहिला असता. आणि मालकानं काही केलंच नव्हतं, केलं मी. आमच्या मालकाचं नाव फॉर्म 4 मध्ये, म्हणजे पेपराच्या मालकीच्या निवेदनात, दर मार्चला बारीक टाइपात छापून यायचं, त्यात लपवाछपवी नव्हती.

कॉलेजात असताना मी वादविवादात पुण्याच्या 'सकाळ'च्या बाजूनं तावातावानं बोलले होते. पानांप्रमाणे पेपराची किंमत ठरवणारा 1956 चा कायदा, जो सुप्रीम कोर्टानं 1961 मध्ये 'सकाळ'च्या खटल्यात रद्द केला. सरकारनं पानं मोजायची नाहीत, असं माझं म्हणणं. बक्षीस मिळालं. आता वाटतं, तो कायदा छोट्या पेपरांना मोठ्यांपुढे जगता यावं म्हणून होता, समोरच्या मुलीचं थोडं ऐकायला हवं होतं. लगेच आणीबाणी आठवते, सेन्सॉरचा शिक्का आठवतो, आणि त्या मुलीशी पुन्हा भांडावंसं वाटतं. यात मी कुठेच पोचलेले नाही.

काका गेले. प्लॉटच्या खटल्याची तारीख अजून पडते. परवा जिन्यात त्यांचा मुलगा भेटला. तो सगळं मोबाईलवर बघतो, पण आईला शब्दकोडं हवं असतं. "ताई, कुठला लावू?" ज्याचं कोडं बरं असतं, त्याचं नाव मी सांगितलं.