आतल्या रेडिओला फर्माईश चालत नाही

शेजारी रात्रभर टीव्हीवर गाणं लावतो, ही तक्रार घेऊन आजोबा आधी शेजाऱ्याच्या दारात गेले, मग गल्लीतल्या तरुण मंडळाच्या अध्यक्षाकडे, आणि शेवटी माझ्याकडे आले. शेजारी दोन महिन्यांपासून मुलीकडे पुण्याला आहे आणि घराला कुलूप आहे, हे मधल्या काळात कळलं होतं.

मी श्रवणतज्ज्ञ आहे. हा शब्द माझ्या दारावरच्या पाटीपुरता. कोल्हापुरात मला 'मशीनवाली बाई' म्हणतात. (ओळख पटू नये म्हणून आजोबांबद्दलच्या दोन-चार गोष्टी बदलल्या आहेत.)

वय एक्क्याऐंशी, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. सोबत आजी आणि धाकटा मुलगा. मुलाची खरी तक्रार वेगळीच होती: घरातल्या टीव्हीचा आवाज साठावर गेलाय. बहुतेक घरं या टीव्हीपायीच माझ्याकडे येतात. म्हाताऱ्या माणसाला पाच वर्षं ऐकू येत नसलं तरी कुणाचं काही अडत नाही. तरुणांना क्रिकेटची मॅच धड बघता येईना की मग कानांची आठवण होते.

रात्रीच्या गाण्यावर उपाय करून झाले होते. एका डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली होती. ती घेऊन आजोबा गाढ झोपायचे आणि पहाटे चारला उठून पुन्हा गाणं ऐकायचे. गावाकडून कुणीतरी उतारा सांगितला होता, तोही झाला. डोक्यावर परिणाम झालाय का, हा प्रश्न मुलाने मला हळू आवाजात विचारला. बापाला ऐकू येत नाही म्हणून त्याला इथे आणलंय, हे विसरून हळू आवाजात.

आजोबांना आवाजबंद खोलीत बसवलं, हेडफोन लावले, हातात बटन दिलं. अगदी बारीक का होईना, पीप ऐकू आलं की बटन दाबायचं, एवढंच काम. मी काचेच्या या बाजूला. त्यांनी बटन दाबलं की माझ्या मशीनवर दिवा लागतो.

मी पहिला स्वर द्यायच्या आधीच दिवा लागला. होतं असं, लोक अधीर असतात. मी थांबले. पुन्हा लागला. मी काहीच देत नव्हते आणि दिवा लागत होता, विझत होता, लागत होता. चुकीचे प्रतिसाद देणारे आम्हाला नवीन नसतात. नुकसानभरपाईसाठी नाटक करणारेही भेटतात आणि विसरभोळेही. कागदावर 'प्रतिसाद अविश्वसनीय' लिहायला पेन उचललं होतं. लिहिता लिहिता लक्षात आलं की दिवा तालात लागतोय.

दार उघडलं. आजोबा डोळे मिटून अंगठ्याने बटनावर ठेका धरून होते आणि गुणगुणत होते. ऐकू न येणाऱ्या माणसाचं गुणगुणणं असतं तसं, त्यांच्या अंदाजापेक्षा बरंच मोठ्याने. ती चाल मला अर्धवट ओळखीची वाटली, पण माझ्याआधी बाहेरच्या बाकावरून आजी ओरडल्या, "अगं बया! ही तर माझी मालिका!"

'आभाळमाया'चं शीर्षकगीत. 1999 साली अल्फा मराठीवर सुरू झालेली मालिका. मी तेव्हा तिसरीत होते. मंगेश कुलकर्णींचे शब्द, अशोक पत्कींची चाल, देवकी पंडितांचा आवाज. आमच्या घरात ते गाणं लागलं की कुकरची शिट्टीसुद्धा अपराध ठरायची.

"ताई, तुमचं पीप-पीप न्हाई ऐकू आलं," आजोबा म्हणाले, "पण गाणं चालू हुतं न्हवं."

आजींना हसू आवरेना. कारण मागाहून कळलं. ती मालिका लागली की हा माणूस तंबाखू मळत कट्ट्यावर जायचा. बायकांची रडारड म्हणायचा. "दारातनं भायेर पडस्तवर जेवढं कानावर पडायचं तेवढंच," आजोबा म्हणाले. आणि नेमका तेवढाच तुकडा, पहिल्या काही ओळींचा, रात्रभर वाजत होता. पुढचं येतच नव्हतं. "पंचवीस वर्सं झाली," आजी म्हणाल्या, "आता बसा ऐकत."

याला आम्ही 'म्युझिकल इअर' म्हणतो. दृष्टी गेलेल्या काही शहाण्यासुरत्या माणसांना नसलेली माणसं, नक्षी, फुलं दिसतात. कानाचंही तसंच होतं. बाहेरून आवाज यायचे बंद झाले की मेंदू गप्प बसत नाही, जवळचं काहीतरी काढून वाजवतो. शांततेत जास्त वाजवतो. म्हणून रात्री. आणि म्हणूनच माझ्या आवाजबंद खोलीत तर पूर्ण आवाजात. कान तपासायला मी त्यांना नेमकं त्या जागी बसवलं होतं जिथे आतलं गाणं सगळ्यात मोठ्याने वाजणार.

तपासणी दुसऱ्या पद्धतीने केली. सलग स्वराऐवजी तुटक स्वर दिले, कधी दोन, कधी तीन, आणि बटन काढून घेतलं: किती वेळा वाजलं ते बोटांनी दाखवा. आतलं गाणं चालू असलं तरी बाहेरचं मोजता येतं. कंडक्टर माणूस, गर्दीत मोजायची सवय. एकही आकडा चुकला नाही. दोन्ही कान सारखेच: खालच्या स्वरांना बरे, 1000 हर्ट्‌झपासून उतार, 4000 ला 80 डेसिबलपर्यंत घसरलेले, म्हणजे तिथला आवाज तेवढा मोठा केला तरच ऐकू येणारे. अशा माणसाला 'आवाज येतो पण कळत नाही'. अ, आ, ओ असे स्वर ऐकू येतात. स, श, फ, त गळून पडतात. आधी फिजिशियनकडे पाठवलं. औषधं, स्मरणशक्ती, बाकी सगळं तपासून आलं. रक्तदाब सोडला तर गडी ठणठणीत.

मग मशीन, म्हणजे कानात घालायचं श्रवणयंत्र. इथे मी चुकले, आणि ते लिहायचंच आहे.

मी मशीन बोलण्यासाठी बसवलं. कानात बारीक नळी घालून, कानाच्या पडद्याजवळ प्रत्यक्ष किती आवाज पोचतो ते मोजून. हे मोजणं बरेच जण करत नाहीत. कंपनीचं सॉफ्टवेअर उघडतात, वय टाकतात, 'फिट' दाबतात, पैसे घेतात. मी मोजते आणि त्याचा मला जरा जास्तच अभिमान आहे. कॉम्प्युटरच्या पडद्यावर माझी रेघ लक्ष्याच्या रेघेवर, म्हणजे त्या कानाला जेवढा आवाज पोचायला हवा त्यावर, तंतोतंत बसली होती. आजोबांना आजींचं बोलणं पहिल्यांदा पुरतं कळलं (त्याचा त्यांना फार आनंद झाल्याचं दिसलं नाही). आठ दिवसांनी या म्हटलं.

आठ दिवसांनी आले ते बगलेत वही घेऊन. लांबट, कडा झिजलेली. आत बिनाका गीतमालेच्या याद्या होत्या. दर बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवर अमीन सायानी हिंदी गाण्यांची पायदानं, म्हणजे क्रमवारी, जाहीर करायचे आणि हे लिहून घ्यायचे. बुधवारी मुक्कामी गाडी नको म्हणून ड्युट्या बदलून घ्यायचे; ते जमलं नाही तर मुक्कामाच्या गावात रेडिओवालं हॉटेल शोधायचे. हिंदी सिनेमाची गाणी ऐकायला आपल्या देशाला सिलोन (आताची श्रीलंका) गाठावं लागलं, कारण आपले तेव्हाचे नभोवाणीमंत्री बाळकृष्ण केसकर यांना ती खपत नव्हती. मराठी माणूस. 1952 ते 1962 ते मंत्री होते आणि 1952 मध्येच गीतमाला सुरू झाली. विविध भारती यायला 1957 उजाडलं. हे सगळं मला आजोबांनी सांगितलं, माझ्या पुढच्या पेशंटच्या वेळेत.

1966 च्या पानावर सालअखेरच्या यादीत पहिलं 'बहारों फूल बरसाओ', लाल शाईत, खाली दोन रेघा. "हे लावा," म्हणाले. मी फोनवर लावलं.

ते ऐकत राहिले आणि त्यांचा चेहरा पडला. "रफीसाब पाण्यात बुडून गातोय." मग कपाळाला बोट लावून, "ह्यातला सुरात गातोय. तुमचा बेसूर."

मी म्हणाले, आजोबा, आधी बोलणं कळू दे, गाण्याचं नंतर बघू. असं मी आजवर किती जणांना सांगितलं असेल. ते काही बोलले नाहीत. मशीन काढलं, डबीत ठेवलं, डबी माझ्या टेबलावर ठेवली.

मशीनची बाजूही सांगते. ते बोलण्यासाठी बनवलेलं असतं. माणूस बोलतो तेव्हा आवाज सेकंदाला चार-पाच वेळा वर-खाली होतो; जो आवाज तसा हलत नाही, तो मशीन गोंगाट समजून दाबतं. पंखा, गाडीचं इंजिन. आणि तंबोरा. मशीनच्या लेखी तंबोरा म्हणजे मिक्सर. पुढची गंमत बासरीची. मशीनमधला आवाज कानातून गळून पुन्हा माईकमध्ये शिरला की कुईऽऽ अशी शीळ वाजते. ती मारायला मशीन तिच्याविरुद्ध उलटा आवाज तयार करतं. बासरीचा लांब स्वर आला की त्याला वाटतं ही शीळच, आणि ते बासरीला मारायला धावतं. स्वर थरथरतो, दुहेरी होतो. त्यात मी वरच्या पट्टीतले आवाज खाली ओढायची सोय चालू ठेवली होती, 'स' आणि 'श' कळावेत म्हणून. बोलण्याला वरदान, सुरांची वाट लागते. वर हळू ते मोठं आणि मोठं ते आवरतं करायचं काम चालूच असतं, त्यामुळे गायक कितीही जीव तोडून वर गेला तरी कानात सगळं एका उंचीचं. पाण्यात बुडून म्हणाले ते अगदी तंतोतंत होतं. माझी रेघ लक्ष्यावर होती आणि रफी पाण्यात होता.

कंपनीच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, मॅडम, म्युझिक प्रोग्राम आहे ना, तो चालू करा. केला. त्यात शीळ मारणारा भाग जरा सौम्य होतो, एवढंच. कुणीतरी कुठेतरी पियानो ऐकून तो बनवला असावा असं माझं मत आहे.

मग मी तो स्वतः बांधला. गोंगाट दाबणं बंद. आवाज खाली ओढणं बंद. समोरचंच ऐकणारे माईक चारही बाजूंना मोकळे. हळू-मोठं एका उंचीवर आणणारा दाब जवळजवळ काढून टाकला. शीळ मारणंही बंद, आणि लगेच मशीन किंचाळायला लागलं. म्हणजे कानात बसणारा मशीनचा साचा घट्ट हवा. कानाचं पुन्हा माप घेतलं, हवेचं भोक बारीक ठेवलं. घट्ट साच्यात स्वतःचा आवाज मडक्यातून आल्यासारखा घुमतो. त्यासाठी खालचे स्वर थोडे उतरवले. अशा तीन खेपा. प्रत्येक खेपेला 1966 चं पान. तिसऱ्या खेपेला आजोबांनी गाणं पूर्ण होऊ दिलं आणि म्हणाले, "आता काठावर आलाय." पूर्ण बाहेर काढणं माझ्या हातात नव्हतं. 4000 च्या पुढचं जे गेलं ते गेलं.

टीव्हीचा आवाज बावीसवर आला. मुलगा खूश. तरी टीव्हीबद्दल माझी तक्रार आहेच: नव्या चपट्या टीव्हीचे स्पीकर खाली किंवा मागे भिंतीकडे तोंड करून असतात, आणि मालिकांत एका वाक्याच्या मागे तीनदा धडाडधूम. धडधाकट कानालाही कळत नाही कोण काय म्हणालं, आणि दोष म्हाताऱ्यांचा.

आतलं गाणं दिवसा थांबलं. रात्री मशीन काढून ठेवावं लागतं, म्हणून रात्री येतच राहिलं, पण हळू. उशाला बारीक आवाजात काहीतरी लावून झोपा, असं मी सांगते. आजोबांनी अर्थातच रफी लावून पाहिला. बाहेर रफी, आत 'आभाळमाया'. "फर्माईश घेतच न्हाई," म्हणाले. साठ वर्षं वहीत लाल शाईने जपलेलं एक गाणं आत वाजू नये आणि दारातून बाहेर पडताना कानावर पडलेल्या दोन ओळी वाजाव्यात, हे त्यांना माझ्या मशीनपेक्षा जास्त लागलं होतं. मला उत्तर देता आलं नाही. मेंदू काय निवडतो हे कळतं असं कुणी सांगितलं तर मी त्याच्याकडे शिकायला जाईन.

कधी, काय, किती वेळ वाजतं, ते लिहून आणा, एवढं मी सांगितलं होतं. आम्हाला नोंद लागते. बहुतेक जण विसरतात. आजोबांनी त्याच वहीच्या उरलेल्या पानांवर दर बुधवारी पायदानं मांडली. नंबर एकवर सलग अकरा आठवडे आजींची मालिका. दोनवर आरती, तीनवर एका धुण्याच्या पावडरीची जाहिरात, जी मध्येच एक आठवडा घसरून पुन्हा वर आली. समोर वेळ आणि मिनिटं, कंडक्टरने तिकिटांच्या हिशेबाचं वेबिल भरावं तशी. माझ्या फाइलीत इतकी नेटकी नोंद दुसऱ्या कुणाचीही नाही. फोटो काढून ठेवलाय.

गेल्या महिन्यात आले तेव्हा नंबर एकवर नवीन गाणं होतं. नावाच्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह. रफी नाही, मालिका नाही. आजींना माहीत नाही, मुलाला नाही. गीतमालेची सगळी पानं त्यांनी चाळली होती. मला गुणगुणून दाखवलं, दोनदा, बटनाशिवाय टेबलावर ठेका धरून. मीही ओळखलं नाही. फोनवर रेकॉर्ड केलंय ते. गाणी ओळखणारं ॲप लावून बघितलं, त्यालाही जमलं नाही. भाकरी थापताना, गाडी चालवताना मी ते लावते. चाल छान आहे. आजोबा पुढच्या बुधवारी येणार आहेत, आणि पहिलं तेच विचारणार.