वसतिगृहामागची हिरवी टाकी : माझा अनुभव

पर्यावरणशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या सत्रात मी शेवाळ आणि जीवाणू एकत्र वापरून सांडपाणी शुद्ध करण्याचा प्रकल्प घेतला. नेहमीच्या मैलापाणी केंद्रात जीवाणूंना प्राणवायू मिळावा म्हणून ब्लोअर रात्रंदिवस चालवावे लागतात आणि विजेचा मोठा खर्च त्यावरच होतो. शेवाळ तोच प्राणवायू उन्हाच्या बळावर देते. घाण कुजवताना जीवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड ते शोषून घेते आणि एक ग्रॅम शेवाळ वाढले की साधारण दीड ग्रॅम प्राणवायू तयार होतो. विल्यम ऑस्वाल्ड यांनी १९५० च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कली येथे, या देवाणघेवाणीवर उथळ, फिरत्या पाण्याच्या तळ्यांचे तंत्र उभे केले. ज्या गावांकडे जागा आणि ऊन आहे, पण वीजबिल भरण्याची ऐपत नाही, त्यांच्या हाती हे तंत्र यावे असे मला तेव्हाही मनापासून वाटत होते आणि आजही वाटते.

जानेवारीत वसतिगृहाच्या मागे दीड मीटर लांब आणि ऐंशी सेंटिमीटर रुंद अशी फायबरची टाकी बसवली. तिच्या मधोमध एक आडभिंत घातली, म्हणजे पाणी गोल फिरत राहील. पाण्याची खोली ३० सेंटिमीटरच ठेवली, कारण त्याहून खाली हिरव्या पाण्यात उजेड फारसा पोहोचत नाही. मार्गदर्शक सरांनी एकच अट घातली होती : टाकीत हवा सोडायची नाही, फक्त पाणी फिरते ठेवायचे. त्यासाठी प्रयोगशाळेतल्या मामांनी भंगारातून गाडीच्या वायपरची मोटर आणून तिला पीव्हीसीची पाती जोडून दिली. शेवाळ मी वसतिगृहाच्याच नळाखालच्या ओलसर भिंतीवरून खरवडून घेतले आणि जीवाणूंसाठी शहराच्या शुद्धीकरण केंद्रातून, रीतसर परवानगी घेऊन, एक कॅन गाळ आणला.

पहिल्याच आठवड्यात चूक झाली. मी टाकी एकदम मैलापाण्याने भरली आणि दोन दिवसांत पाणी काळे पडून सडक्या अंड्यासारखा वास येऊ लागला. शेवाळाची संख्या वाढण्याआधीच जीवाणूंनी सगळा प्राणवायू संपवला होता. टाकी रिकामी करून मी नव्याने सुरुवात केली : एक भाग मैलापाणी, चार भाग साधे पाणी, आणि मग दर आठवड्याला मैलापाण्याचे प्रमाण थोडे वाढवायचे. फेब्रुवारीअखेर रोज तीन बादल्या, म्हणजे ६० लिटर निव्वळ मैलापाणी आत आणि तेवढेच पाणी बाहेर, असा क्रम बसला. या हिशोबाने पाणी टाकीत सहा दिवस राहत होते.

टाकीचा खरा स्वभाव मला पहाटे पाच वाजता कळला. विरघळलेला प्राणवायू मोजण्याची विंकलर पद्धत वर्गात अनेकदा केली होती. बाटलीत तपकिरी साका धरतो, आम्ल घातले की पिवळा रंग येतो, मग स्टार्च घालून निळा झालेला रंग थायोसल्फेटच्या थेंबांनी घालवायचा. त्या पहाटे बाटलीत तपकिरी साका धरलाच नाही, जवळजवळ पांढराच राहिला. म्हणजे प्राणवायू नव्हताच. त्याच दिवशी दुपारी एक वाजता त्याच टाकीत लिटरला १३ मिलिग्रॅम भरला, म्हणजे त्या तापमानाला पाणी हवेतून जेवढा धरू शकते त्याहून कितीतरी अधिक. रात्री शेवाळही श्वास घेते, हे पुस्तकात वाचलेले वाक्य होते. त्या दिवशी ते माझ्या हातातल्या बाटलीत होते. तेव्हापासून मैलापाणी संध्याकाळऐवजी सकाळी नऊला घालू लागले आणि पहाटेची स्थिती बरीच सुधारली.

दुपारी सामू (पीएच) साडेनऊच्या वर जाई. अशा पाण्यातला अमोनियम, म्हणजे मैलापाण्यातल्या नायट्रोजनचे मुख्य रूप, बराचसा मुक्त अमोनियाच्या रूपात येतो. तो शेवाळाला विषारी ठरतो आणि काही हवेतही निघून जातो. म्हणून, पाण्यातला सगळा घटलेला नायट्रोजन शेवाळाने घेतला, असे मी अहवालात लिहिले नाही. आकडा चांगला दिसला असता, पण ते खरे नव्हते.

सर्वांत अवघड ठरले ते शेवाळ पाण्यातून वेगळे करणे. बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवायला जीवाणूंना लागणारा प्राणवायू, नमुना २७ अंशांवर तीन दिवस अंधारात ठेवून काढतात. तिथे बाटलीतले शेवाळच प्राणवायू खाते. त्यामुळे गाळलेल्या पाण्याचा बीओडी लिटरला ३० मिलिग्रॅमच्या मर्यादेत येई आणि न गाळलेल्याचा तिच्या दुपटीपलीकडे जाई. फक्त गाळलेला आकडा द्यावा, असे एका मित्राने सुचवले. परंतु नदीत सोडलेले शेवाळ तिथे मरून कुजणारच आणि नदीचाच प्राणवायू घेणार, त्यामुळे मला ते पटले नाही. सरांनी उपाय सांगितला : बाहेर काढलेले पाणी शंकूच्या भांड्यात अर्धा तास स्थिर ठेवायचे, तळाशी बसलेल्यातला काही भाग रोज टाकीत परत घालायचा आणि जे तरंगत राहील ते जाऊ द्यायचे. लवकर खाली बसणाऱ्यांनाच अशी रोज संधी मिळत गेली. तिसऱ्या आठवड्यात पाणी रवाळ दिसू लागले. सूक्ष्मदर्शकाखाली सेनेडेस्मस या हिरव्या शेवाळाच्या चार-चार पेशींच्या ओळी जीवाणूंच्या चिकट जाळ्यात गुंतलेल्या दिसल्या. एक लिटरच्या मोजपात्रात अर्ध्या तासात हिरवा थर खाली आणि वर नितळ पाणी पाहून मामा म्हणाले, "ताई, आता ह्याच्यातून पलीकडची भिंत दिसते."

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ढग दाटले आणि चार दिवस ऊन पडले नाही. दुपारचा प्राणवायूही लिटरला दोन मिलिग्रॅमवर आला, तेव्हा तीनऐवजी दीडच बादली घालून मी टाकी कशीबशी तगवली. ते चार दिवसांचे आकडे अहवालाच्या शेवटच्या तक्त्यात, आहेत तसेच, दिले आहेत.