सहा शेअर, एक मशीन आणि शेड्यूल एफए

टेस्लाशी माझी ओळख झाली ती गाडीच्या पोटाकडून. भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी वीस वर्षं डाय कास्टिंगमध्ये आहे, म्हणजे वितळलेला धातू दाबाने साच्यात भरून भाग बनवण्याच्या कामात. आमचं सगळ्यात मोठं मशीन ८०० टनांचं, म्हणजे साचा तेवढ्या जोराने बंद धरणारं, आणि नवीन माणसाला ते दाखवताना अजूनही आमची छाती फुगते. २०२० च्या शेवटी कॅन्टीनमध्ये कुणीतरी मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. इटलीच्या इद्रा कंपनीचं ६,००० टनांचं मशीन होतं, आणि टेस्लाच्या मॉडेल वायचा मागचा सांगाडा त्यातून एका शॉटमध्ये, म्हणजे धातूच्या एकाच भरणीत, बाहेर येणार होता. जिथे ७० सुटे भाग जोडावे लागायचे, तिथे एक कास्टिंग. टूलरूमचे काका चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "एवढ्या मोठ्या पीसमध्ये पोरोसिटी कशी आवरत असतील रे?" पोरोसिटी म्हणजे कास्टिंगच्या आत राहणारी बारीक भोकं.

मला दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही. तिसऱ्या दिवशी ठरवलं, या कंपनीचे शेअर घ्यायचे.

टेस्लाचा प्रमुख इलॉन मस्क याच्याबद्दल काही माहीत नव्हतं असं नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये त्याने ट्विट केलं होतं की ४२० डॉलरने सगळे शेअर घेऊन कंपनी खासगी करतो, पैशांची सोय झालीय. सोय काही झालेली नव्हती. अमेरिकेच्या सेबीने, म्हणजे एसईसीने, खटला भरला. तडजोडीत त्याने आणि कंपनीने प्रत्येकी २ कोटी डॉलर दंड भरला आणि त्याला अध्यक्षपद सोडावं लागलं. मी म्हटलं, मालक तोंडाळ असेल, पण मशीन खोटं बोलत नाही.

फेब्रुवारी २०२१ मध्ये बँकेत गेलो. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात. मला पाठवायचे होते ४,८००. काउंटरवरच्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "मुलगा कुठल्या युनिव्हर्सिटीत आहे?" म्हटलं, मुलगा सहावीत आहे. "मग पैसे कशाला पाठवताय?" शेअर घ्यायला, म्हटल्यावर त्यांनी आतल्या साहेबांना बोलावलं, साहेबांनी हेड ऑफिसला फोन लावला. फॉर्म ए२ वर पैसे कशासाठी चाललेत त्याचा कोड लिहायचा असतो. परदेशी शेअरसाठी एस०००१. माझ्या फॉर्मवर शिक्षणाचा कोड पडला होता, म्हणून दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून पुन्हा गेलो. ज्यांना हे करायचंय त्यांनी कोड घरूनच कागदावर लिहून न्यावा. वायरचा चार्ज, जीएसटी आणि डॉलरच्या भावातला फरक धरून साडेतीन लाखांवर साधारण साडेचार हजार गेले.

ब्रोकरकडे डब्ल्यू-८ बेन नावाचा फॉर्म भरावा लागला. मी अमेरिकेचा नागरिक किंवा रहिवासी नाही, असं त्यात लिहून द्यायचं. त्यामुळे शेअर विकून झालेल्या नफ्यावर तिकडे कर लागत नाही, फक्त डिव्हिडंडवर २५ टक्के कापतात. टेस्लाने आजवर एक पैसाही डिव्हिडंड दिलेला नाही, त्यामुळे तो फॉर्म म्हणजे न येणाऱ्या पाहुण्यासाठी मांडलेलं पान. तरी भरावाच लागतो, आणि सही केल्याच्या वर्षानंतर तीन कॅलेंडर वर्षांनी तो संपतो. माझा ३१ डिसेंबर २०२४ ला संपला. ही तारीख लक्षात ठेवा, तिच्याकडे पुन्हा यायचंय.

८०० डॉलरच्या आसपास सहा शेअर मिळाले. बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अहो, साडेतीन लाखांचे सहाच?" तिला एका शेअरचा भाव समजावण्यापेक्षा ६,००० टनांचं मशीन समजावणं सोपं गेलं.

त्यानंतरची दोन वर्षं सांगण्यासारखी नाहीत. नोव्हेंबर २०२१ ला भाव माझ्या खरेदीच्या दीडपट झाला. ऑगस्ट २०२२ मध्ये शेअर स्प्लिट झाला, म्हणजे एकाचे तीन झाले, सहाचे अठरा. मग मस्कने ४४ अब्ज डॉलरला ट्विटर घेतलं, त्यासाठी टेस्लाचे शेअर विकले, आणि ३ जानेवारी २०२३ ला भाव १०८ वर बंद झाला. स्प्लिट धरून माझी खरेदी २६७ ची होती. कारखान्यात मात्र सगळं आधीसारखंच चाललं होतं. मशीन तेच, शॉट तेच. भाव हलला होता तो माणसामुळे. मी शेअर ठेवले. कौशल्य वगैरे काही नाही, विकायला पुन्हा कुठला फॉर्म भरावा लागेल याची धास्ती होती.

धंदा मी वाचायला लागलो तो यानंतर, आणि ते आधीच करायला हवं होतं. २०२३ मध्ये कंपनीने १८ लाख ८ हजार गाड्या दिल्या, २०२४ मध्ये १७ लाख ८९ हजार. वर्षाचा आकडा खाली आल्याची ही अनेक वर्षांतली पहिली वेळ, आणि तिकडे चीनची गाडी कंपनी बीवायडी मानेवर श्वास टाकत होती. २०२४ ची विक्री सुमारे ९७.७ अब्ज डॉलर, निव्वळ नफा ७.१ अब्ज. पण त्या वर्षी २.७६ अब्ज डॉलर आले ते 'रेग्युलेटरी क्रेडिट' विकून. धुराचं प्रमाण ज्यांना पाळता येत नाही असे दुसरे गाडीवाले टेस्लाकडून क्रेडिट विकत घेतात आणि दंड टाळतात. त्यावर टेस्लाचा खर्च जवळजवळ शून्य. आमच्या भाषेत हे स्क्रॅप विकून आलेल्या पैशांसारखं, फक्त इथे स्क्रॅप शेजाऱ्याचं. जुलै २०२५ च्या अमेरिकी कायद्याने मायलेजच्या नियमाचा दंडच शून्य केला, मग त्यासाठी क्रेडिट कोण घेणार? गाडी घेणाऱ्याला मिळणारी ७,५०० डॉलरची करसवलतही ३० सप्टेंबरला संपली. सवलत संपायच्या आत घेऊन टाकू म्हणून गिऱ्हाईक धावलं, त्यामुळे त्या तिमाहीत विक्रमी ४ लाख ९७ हजार गाड्या गेल्या. दिवाळीच्या आदल्या आठवड्यातली तुळशीबाग बघून दुकानदाराच्या वर्षाचा अंदाज बांधू नये.

बॅटरीच्या साठवणुकीचा धंदा मात्र खराच वाढतोय. २०२४ मध्ये ३१.४ गिगावॉट-तास. त्याबद्दल भांडण नाही, म्हणून त्याबद्दल कोणी बोलतही नाही.

रिकॉलच्या बातम्या मी क्वालिटीवाल्याच्या नजरेने वाचतो. डिसेंबर २०२३ मध्ये ऑटोपायलटवरून (ड्रायव्हरच्या मदतीला गाडी स्वतः चालवणारी यंत्रणा) अमेरिकेत जवळजवळ २० लाख गाड्या 'परत बोलावल्या', पण एकही गाडी परत आली नाही, सगळी दुरुस्ती सॉफ्टवेअरने रातोरात. आमच्याकडे रिकॉल म्हणजे टेम्पो भरून माल दारात आणि पुढचे आठ दिवस सॉर्टिंग. मार्च २०२५ ला मात्र टेस्लाचे ४६ हजारांवर सायबरट्रक (पिकअप गाड्या) बोलावले, कारण बाहेरची चिकटवलेली पट्टी चालत्या गाडीतून सुटत होती. हे वाचून आमच्या क्यूसीत, म्हणजे माल तपासणाऱ्या खात्यात, सगळे हसले. हजारो टनांची मशीन आणून शेवटी गोंदाने घात केला. हसू थांबलं ते ऑगस्टमध्ये. फ्लोरिडात २०१९ मध्ये ऑटोपायलटवर असलेल्या गाडीने एका तरुणीचा जीव घेतला होता. मायामीच्या ज्यूरीने टेस्लाला ३३ टक्के जबाबदार धरून सुमारे २४ कोटी ३० लाख डॉलर भरायला सांगितले. एप्रिल २०१९ मध्ये मस्क म्हणाला होता, पुढच्या वर्षी रस्त्यावर दहा लाख रोबोटॅक्सी, म्हणजे ड्रायव्हरशिवाय चालणाऱ्या टॅक्सी, असतील. जून २०२५ मध्ये ऑस्टिनला मूठभर सुरू झाल्या, त्याही शेजारच्या सीटवर कंपनीचा माणूस बसवून.

आता तारखेकडे येतो. डिसेंबर २०२४ मध्ये भाव ४८० ला पोचला. सात लाखांवर रक्कम झाली, मी कॅन्टीनमध्ये सगळ्यांना वडापाव दिला. त्याच आठवड्यात आयकर खात्याचा मेसेज आला: तुमच्याकडे परदेशी मालमत्ता असल्याची माहिती आहे, रिटर्नमध्ये ती दाखवलेली दिसत नाही.

पोटात गोळा आला. मी दरवर्षी आयटीआर-१ भरत होतो. पगार, व्याज, ८०सी, संपलं. शेअर विकलेच नाहीत तर दाखवायचं काय, असा माझा समज. परदेशात एक शेअर जरी असला तरी आयटीआर-१ चालतच नाही, हे मला माहीत नव्हतं आणि सीएंना मी शेअरबद्दल सांगितलंच नव्हतं. चूक माझी. सीए शांतपणे म्हणाले, "तुम्ही काळा पैसा कायद्यात बसताय, कल्पना आहे का?" २०१५ च्या त्या कायद्यात नुसतं न दाखवल्याबद्दल १० लाखांचा दंड आहे. सात लाखांच्या शेअरवर दहा लाख! मग त्यांनी सांगितलं की १ ऑक्टोबर २०२४ पासून जमीन-घर सोडून बाकी मालमत्ता एकूण २० लाखांपर्यंत असेल तर तो दंड नाही. हे वाक्य त्यांनी आधी म्हटलं असतं तर माझा रक्तदाब वाचला असता.

सुधारित रिटर्नला ३१ डिसेंबरची मुदत होती, पुढे ती १५ जानेवारीपर्यंत वाढली. आयटीआर-२ मधलं शेड्यूल एफए, म्हणजे परदेशी मालमत्तेचा तक्ता, भरताना गोम अशी की आपलं वर्ष एप्रिल ते मार्च, पण या तक्त्यात जानेवारी ते डिसेंबर धरायचं. म्हणून माझ्या रिटर्नमध्ये २०२३ चे आकडे हवे होते: खरेदीची किंमत, वर्षातली सर्वोच्च किंमत (जुलैमध्ये भाव ३०० च्या जरा आत गेला होता), वर्षअखेरची किंमत (२४८ च्या आसपास). प्रत्येक आकडा स्टेट बँकेच्या टीटी बाइंग रेटने (बँक ज्या भावाने डॉलर विकत घेते तो) रुपयांत करायचा. जुने दर शोधण्यात एक अख्खा रविवार गेला. शेअर जिथे ठेवलेत ते खातं वेगळ्या तक्त्यात, शेअर वेगळ्या. त्याआधीच्या वर्षांची दुरुस्तीची मुदत उलटून गेली होती. सीएंनी सगळे हिशेब काढून फायलीत लावून ठेवायला सांगितले, ते लावले. त्याच रविवारी डब्ल्यू-८ बेनही नवा भरला. बायको बाजूला बसून आकडे वाचून दाखवत होती. मधेच तिने विचारलं, "तुम्हाला काही झालं तर हे मला मिळणार कसे?" त्याचं उत्तर अजून शोधतोय. अमेरिकेत बाहेरच्या माणसाच्या ६० हजार डॉलरवरच्या मालमत्तेला वारसा कर लागतो. आमचं तेवढं नाही, हे तिला दिलासा म्हणून सांगितलं तर ती हसली.

अठरा शेअरवाल्यालाही मत असतं, हे मला जून २०२४ मध्ये कळलं होतं. ब्रोकरकडून प्रॉक्सीचा, म्हणजे घरबसल्या मत नोंदवण्याचा, ईमेल आला होता. २०१८ मध्ये मस्कला मंजूर झालेलं सुमारे ५६ अब्ज डॉलरचं मोबदल्याचं पॅकेज अमेरिकेतल्या डेलावेअर राज्याच्या न्यायाधीश कॅथलीन मॅकॉर्मिक यांनी जानेवारीत रद्द केलं होतं. दावा लावणारा रिचर्ड टॉर्नेटा, एकेकाळी हेवी मेटल बँडमध्ये ड्रम वाजवणारा, आणि त्याच्याकडे तेव्हा फक्त नऊ शेअर! मी त्या वेळी पॅकेजच्या बाजूने मत दिलं. ठरलेली टार्गेट्स गाठली, तर ठरलेले पैसे द्यावेत, असं मला वाटलं. (१९ डिसेंबर २०२५ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही ते पॅकेज परत बहाल केलं.)

६ नोव्हेंबर २०२५ ला मस्कच्या नव्या पॅकेजवर मत होतं, त्याची गोष्ट वेगळी होती. सगळी टार्गेट्स गाठली तर जवळजवळ एक लाख कोटी डॉलरचे शेअर. टार्गेट्समध्ये दोन कोटी गाड्या, दहा लाख रोबोटॅक्सी, दहा लाख रोबो, आणि कंपनीची बाजारातली किंमत साडेआठ लाख कोटी डॉलर. त्या वर्षात मस्कने वॉशिंग्टनला सरकारी खाती मोडायला बसून अर्धा वेळ घालवला होता, लोक शोरूमबाहेर निदर्शनं करत होते, १० मार्चला एका दिवसात शेअर १५ टक्के पडला होता. मी ते पान तीनदा वाचलं. कास्टिंग कुठेच नव्हतं. विरोधात मत दिलं. नॉर्वेच्या सरकारी फंडानेही विरोधात दिलं होतं, म्हणजे संगत बरी होती. ७५ टक्क्यांहून जास्त मतांनी ठराव पास झाला.

मधल्या काळात, ऑगस्टमध्ये, मुंबईला बीकेसीत जाऊन आलो होतो. १५ जुलैला मुख्यमंत्री फडणवीसांच्या हस्ते टेस्लाचं देशातलं पहिलं शोरूम उघडलं होतं. शांघायहून आलेली मॉडेल वाय, ५९ लाख ८९ हजारांपासून पुढे, कारण आयातकर. लोक आत बसून मोठ्या स्क्रीनसोबत फोटो काढत होते. मी मागे जाऊन खाली वाकलो. प्लास्टिकचं आवरण होतं, कास्टिंग दिसलं नाही. तिथला मुलगा म्हणाला, "सर, काही पडलं का?"

मतदानानंतर नोव्हेंबरातच बारा शेअर विकले, चारशेच्या आसपास. हातात आले ४,८०० डॉलर, जेवढे पाठवले होते तेवढेच. उरले सहा. पहिल्या दिवशी होते तेवढेच. रुपयांत मात्र डॉलर ७३ वरून ८८ च्या पुढे गेल्यामुळे बाराच्या विक्रीवर एक लाख नव्वद हजारांचा नफा निघाला. परदेशी शेअर दोन वर्षांवर ठेवले की १२.५ टक्के, आणि आपल्या शेअरवर मिळते ती सव्वा लाखाची सूट इथे नाही. १५ डिसेंबरच्या आत ॲडव्हान्स टॅक्समध्ये भरून टाकले. डॉलर पुन्हा गुंतवायचे नसतील तर १८० दिवसांत भारतात आणावे लागतात, तेही लगेच मागवले.

पैसे जमा व्हायच्या आदल्या दिवशी बँकेतून फोन आला. बाई नव्या होत्या.

"सर, अमेरिकेतून रक्कम आलीय. मुलाने पाठवलीय का?"

म्हटलं, नाही हो, मुलगा आता अकरावीत आहे.