पांढऱ्या रणाचे आकाश अखेर वठणीवर

चित्रातले आकाश काही केल्या उन्हाचे दिसत नाही, अशी तक्रार मी मागच्या नोंदीत मांडली होती. ते आकाश या आठवड्यात अखेर वठणीवर आले, त्यामुळे कच्छच्या पांढऱ्या रणाची, म्हणजे तिथल्या मिठाच्या वाळवंटाची, जलरंगातली मालिका गुंडाळून ठेवण्याचा विचार तूर्त बारगळला आहे.

अडचण तीच होती. भर दुपारी रणातली जमीन आकाशापेक्षा उजळ असते. आकाश सर्वांत उजळ, सपाट जमीन त्याखालोखाल आणि उभी झाडे सर्वांत गडद, हा टोनचा, म्हणजे उजळ-गडदपणाचा, क्रम निसर्गचित्र करणाऱ्याच्या हातात इतका मुरलेला असतो की तो उलटा करताना ब्रश अडखळतो. मिठाचा थर ऊन परत फेकतो, म्हणून कागदाचा कोरा पांढरा जमिनीसाठी राखून आकाश निदान एक टोन खाली आणावे लागते. पण कोबाल्ट ब्लूमध्ये थोडा तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना मिसळून ते खाली आणले की चित्रात आषाढ उतरतो. जमीन पांढरी राहते आणि ऊन मात्र नाहीसे होते. टोन तपासावेत तर ते बरोबर, आणि तरीही चित्र ढगाळ, या अवस्थेने मला पुरते जेरीस आणले होते.

उकल रंगात नव्हती, क्षितिजाच्या कडेत होती. डोळे दिपतात तेव्हा कड दिसत नाही. त्यामुळे क्षितिज मधल्या भागात पूर्ण विरघळवून दोन्ही टोकांना किंचित घट्ट ठेवले, तर आकाश खालच्या टोनमध्ये असूनही झळ जाणवते. आता क्षितिजालगत पिवळसर रॉ सिएनाचा अगदी पातळ थर आणि त्यावर निव्वळ कोबाल्ट एवढेच ठेवले असून तपकिरी रंगाला आकाशात मज्जाव केला आहे.

मात्र ही कड विरघळवायला कागद बराच वेळ ओला राहावा लागतो, आणि रणात हिवाळ्यातल्या कोरड्या वाऱ्यात वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, दुसऱ्या टोकाला पोहोचण्याआधीच पहिल्या टोकाला वाळून हार्ड एज, म्हणजे धारदार कड, धरतो. म्हणून कागद दोन्ही बाजूंनी भिजवून ॲक्रिलिकच्या शीटवर चिकटवून पाहिला. पाठीमागे अडकलेले पाणी कागदाला खालून ओल देत राहते. घरी पंखा पूर्ण वेगाने लावून त्याच्यासमोर काम केले, तरी वॉश शेवटपर्यंत हाताशी राहिला. ओल्या पृष्ठभागाची चकाकी मावळून तो नुसता मंद दिसू लागला, त्या क्षणी पिळून घेतलेला चपटा ब्रश क्षितिजावरून एकदाच आडवा फिरवला; कोबाल्ट जागच्या जागी थांबला आणि मध्यभागी आकाश कुठे संपते हे मलाच सांगता येईना. त्या दोन बोटांच्या पट्ट्याकडे मी अजूनही येता-जाता पाहतो. कोबाल्ट ओल्या ब्रशने कागदावरून सहज उचलता येतो म्हणून हे साधले. थॅलो ब्लू कागदात डाग धरून बसतो, त्याला या कामापासून दूरच ठेवावे.

कागद मात्र जाड, ३०० जीएसएमचा, शंभर टक्के कॉटनचाच हवा. शहरातल्या एका दुकानदाराने माझ्या गळ्यात जुना साठा मारला. दमट हवेत त्याचे सायझिंग, म्हणजे रंग लगेच शोषला जाऊ नये म्हणून कागदाला दिलेला लेप, गेले होते आणि तो टिपकागदासारखा रंग पीत होता. शिवाय रणाचे चित्र म्हणून ओल्या वॉशवर मीठ भुरभुरण्याचा मोहही टाळावा. त्याने हिमफुलांसारखे ठसे उमटतात, जे रणात कुठेच दिसत नाहीत. आणि कच्चे मीठ कागदावर राहिले तर वडोदऱ्याच्या पावसाळ्यात ते हवेतली ओल ओढत राहते.

या निमित्ताने अमेरिकन चित्रकार जॉर्जिया ओकीफ यांची चित्रे पुन्हा पाहिली. १९२९पासून त्या न्यू मेक्सिकोत चित्रे काढू लागल्या आणि १९४०मध्ये त्यांनी घोस्ट रँच येथे घर घेतले. तिथल्या उंचावरच्या कोरड्या, स्वच्छ हवेत दूरच्या टेकडीची कडही जवळच्या दगडाइतकी धारदार दिसते, त्यामुळे त्यांचे डोंगर मोठ्या सपाट आकारांनी थेट पुढे येतात. चाळीसच्या दशकातल्या हाडांच्या चित्रांत तर जवळचे हाड आणि त्याच्या पोकळीतून दिसणारे निळे आकाश एवढेच उरते. रणात याच्या उलट घडते, दूरची कड हरवते. तरी परिणाम एकच होतो, मधले अंतर गायब होते. आमचा हात वडोदऱ्याच्या कमाटीबागेत तयार झालेला आहे: पुढे वड, मध्ये रस्ता, मागे म्युझियमची इमारत. ही तीन पातळ्यांची सवय रणात काडीच्याही कामाची नाही.

हे लिहिताना लक्षात येते की मधली पातळी नसेल, तर क्षितिज वरच्या तृतीयांशावर ठेवण्याचा माझा हट्टही निरर्थक आहे. ते कागदाच्या माथ्यापर्यंत ढकलून उरलेली सगळी जागा मिठाच्या थरावर उमटणाऱ्या बहुकोनांना द्यावी. त्यांच्या उचललेल्या कडांना संध्याकाळच्या तिरप्या उन्हात बारीक निळसर सावल्या पडतात. पायापाशी ते घमेल्याएवढे असतात आणि थोड्याच अंतरावर चपटे होत नुसत्या रेघा उरतात. सूर्य बुडाल्यावर टोनचा क्रमही पुन्हा सरळ होतो, आकाश क्षितिजाशी उजळते आणि मीठ फिकट जांभळे पडते. तेव्हा दुपारची चित्रे आहेत तिथेच थांबवतो आणि मालिका संध्याकाळकडे वळवतो.

पावसाळ्यात साचलेले पाणी आटून मिठाचा थर घट्ट झालेला असावा म्हणून उत्तरायणानंतरच भुजमार्गे रणाच्या काठावरच्या धोरडो गावाला जाण्याचा बेत आहे. थंडीत सूर्यास्तानंतर दोन्ही बाजूंनी भिजवलेला कागद उघड्यावर किती वेळ ओला राहतो, याचा कोणाला अनुभव असल्यास कृपया कळवावे. ॲक्रिलिकची शीट पूर्ण कागदाच्या पाव आकाराची कापून घ्यायची की अर्ध्या, हे त्यावरच ठरणार आहे.