नऊ वॅटचा बल्ब सव्वापाच वॅटवर: १,४०० तासांनंतरची नोंद

मागच्या वेळी बंद पडलेले सात एलईडी बल्ब उघडून बसलो होतो. पाचांमध्ये एकेका एलईडीच्या पिवळ्या चौकोनावर टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका, एकात फुगलेला कपॅसिटर, एकात टोपीपाशी सुटलेलं सोल्डर. एलईडी माळेसारखे एकामागोमाग जोडलेले असतात, म्हणून एक गेला की सगळा बल्ब विझतो. त्याच पाट्यांवरचे (एलईडी बसवलेल्या सर्किट बोर्डांवरचे) उरलेले एलईडी मी बेंच सप्लायवर, म्हणजे व्होल्टेज-करंट हवा तसा ठेवता येणाऱ्या वीजपुरवठ्यावर, दोन-तीन मिलिअँपिअर देऊन तपासले. सगळे ठणठणीत निघाले. (मल्टिमीटरच्या डायोड मोडवर विसंबू नका. असल्या एका एलईडीत बऱ्याचदा तीन किंवा सहा चिप आत जोडलेल्या असतात, त्या नऊ ते अठरा व्होल्टखाली पेटतच नाहीत.)

सातांपैकी सहा बळी उष्णतेचे, असं माझं मत झालं. उष्णता करंटमुळे वाढते, तेव्हा करंटलाच हात घालायचा ठरवला.

एकाच खोक्यातले दोन सारखे बल्ब घेतले. एक जसाच्या तसा, दुसऱ्यावर प्रयोग. आत साधा लिनियर ड्रायव्हर (एलईडीला ठरावीक करंट देणारं सर्किट), आणि करंट ठरवणारे दोन रेझिस्टर समांतर: १५ ओहम आणि २२ ओहम. दोन्ही मिळून ८.९ ओहम. २२ ओहमचा काढून टाकला की उरतात १५, म्हणजे करंट साठ टक्क्यांच्या आसपास यायला हवा. वॅटमीटरवर ८.८ चे ५.३ वॅट झाले. गणित जुळलं!

खरी गंमत उजेडात आहे. त्याच अंतरावर लक्समीटर आधी ४१२ दाखवत होता, आता २७०. वीज साठ टक्के, उजेड मात्र साडेपासष्ट टक्के. दर वॅटमागे जवळजवळ नऊ टक्के जास्त प्रकाश, तोही एक रेझिस्टर काढून.

याचं कारण चिपमध्ये आहे. निळ्या गॅलियम नायट्राइड चिपमध्ये इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा) एकत्र येतात तेव्हा प्रकाश निघतो. करंटची दाटी वाढली की त्यांतल्या बऱ्याच जोड्या प्रकाश न देता आपली ऊर्जा तिसऱ्याच इलेक्ट्रॉनला देऊन टाकतात आणि तिची उष्णता होते. याला ड्रूप म्हणतात. ज्या निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, त्याचा हा मुळातला स्वभाव आहे. पुढे फॉस्फरचा थर निळ्यातला काही भाग पिवळा करतो. ४५० नॅनोमीटरच्या फोटॉनचा ५६० चा झाला की त्याची वीस टक्के ऊर्जा तिथेच उष्णता होऊन जाते. तरीही तारेच्या बल्बशी तुलनाच नको: तिथे बहुतेक ऊर्जा न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत जाते आणि वॅटमागे दहा-पंधरा ल्युमेन हाती लागतात, इथे शंभराच्या घरात.

पण तारेचा बल्ब आपली उष्णता किरणांवाटे बाहेर फेकून देतो. एलईडीची उष्णता पाटीतून, अॅल्युमिनियममधून, कवचातून हळूहळू झिरपत हवेत जाते. त्यामुळे पाटीचं तापमान हाच माझा मुख्य आकडा. खोली २८ अंशांवर असताना न बदललेल्याची पाटी ९१, बदललेल्याची ६५. कपॅसिटरपाशी ८० आणि ५८.

कपॅसिटरचा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर दहा अंश घटीला साधारण दुप्पट होतं. १०५ अंशांना २,००० तासांचा कपॅसिटर या हिशोबाने ८० अंशांना ११,००० तासांच्या पुढे जातो आणि ५८ ला ५०,००० च्याही पुढे. हे कागदावरचं गणित आहे, रिपल करंटची, म्हणजे कपॅसिटरमधून सतत खालीवर होणाऱ्या करंटची, उष्णता त्यात धरलेली नाही. खोक्यावर छापलेले तास बहुधा फक्त एलईडीचा उजेड ७० टक्क्यांवर येईपर्यंतचे असतात, आणि तेही किमान ६,००० तासांच्या चाचणीवरून जास्तीत जास्त सहापट पुढे ताणलेले. ड्रायव्हर त्यात मोजलेलाच नसतो, याची मला मनापासून चीड येते.

सावधगिरी: या पाट्या मेन्सपासून (घरातल्या विजेपासून) वेगळ्या केलेल्या नसतात. थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) वीज बंद असताना कॅप्टॉन टेपवर (उष्णता सोसणाऱ्या, वीजरोधक टेपवर) चिकटवा, मीटर बॅटरीचाच वापरा, बल्ब चालू असताना कशालाही हात लावू नका. बंद केल्यावरही आधी कपॅसिटर रिकामा करा.

दोन्ही बल्ब साठ दिवसांपासून अखंड चालू आहेत. न बदललेला ४१२ वरून ४०१ लक्सवर आला. बदललेला २७० वरून २६९, म्हणजे मीटरच्या चुकीच्या आतच.

बदललेला बल्ब काल बंद काचेच्या गोळ्यात टाकला. तासाभरात पाटी ६५ वरून ७९ वर जाऊन थांबली. आज दुसऱ्याची पाळी.