चिंचोक्यांचं जाकीट

चतुर्थीला आरतीची घुमट-शामेळ ही वाद्यं सुरू झाली की माझा नऊ वर्षांचा ऑटिस्टिक लेक कान दाबून, गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीखालून पळतो, थेट गाद्यांच्या ढिगाखाली. तिथे शांत. थेरपिस्टताई म्हणाल्या, "त्याला अंगावर दाब हवाय. वजनाचं जाकीट बघा."

वजन साधारण शरीराच्या पाच ते दहा टक्के ठेवतात. लेक 24 किलोचा. आम्ही 1 किलो 200 ग्रॅमवर थांबलो. फोंड्याच्या शिंप्याकडून सुती जाकिटाला आठ कप्पे शिवून घेतले, पुढेमागे सारखे. आधी तांदूळ भरले. श्रावणातल्या दमटपणात पंधरा दिवसांत पोरकिडे! मग चिंचोके. सासूबाई म्हणाल्या, "अगो, ह्या उकाड्यात पोराला जाकीट?" खरंच होतं ते. आता फक्त पंख्याखाली, वीस मिनिटं, आणि त्याने स्वतः मागितलं तरच. ओढून काढलं तर विषय संपला.

टेंपल ग्रँडिन या स्वतः ऑटिस्टिक. मावशीच्या रँचवर गुरांना आवळून धरणारा पिंजरा बघून त्यांनी स्वतःसाठी दाब देणारं यंत्र बनवलं, हे वाचल्यावर मला गाद्यांचा ढीग कळला. तरी वजनाच्या जाकिटांवरच्या अभ्यासांतला पुरावा कच्चाच आहे. शेजारीण "कितीला शिवलं?" विचारते तेव्हा मी हेही सांगते.

यंदा आरतीला तो जाकीट घालून स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. दुसऱ्या आरतीला गेलाच गाद्यांत. चिंचोके खुळखुळत होते.